लॉकडाऊनमध्ये अपघात खरंच कमी झाले होते का? घरातल्या पडझडीबद्दल माहिती हवी आहे

स्नेहल_सुदामानगर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात घरातली पडझड आणि जखमा या विषयावर बोलायचं माझ्याकडे आलंय. मी फिजिओ आहे, इथे इंदूरलाच छोटं क्लिनिक चालवते. तयारीला बसले की सारखं २०२० आठवतं, म्हणून म्हटलं इथे विचारावं, बरेच जाणकार आहेत इथे.

झालं असं की लॉकडाऊनच्या आधी माझ्याकडे निम्म्याहून जास्त पेशंट गाडीवरून पडलेले असायचे, कॉलेजची पोरं, डिलिव्हरीवाले, कुणाच्या नडगीत रॉड तर कुणाचं गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं. अनलॉक झाल्यावर क्लिनिक उघडलं तर ही पोरं जवळजवळ गायबच आणि त्यांच्या जागी सगळ्या आज्या. मोरीत पाय घसरला, रात्री बाथरूमला जाताना पडल्या, खुब्याचं हाड नाहीतर मनगट. मग स्टुलावर चढून पंखा पुसताना पडलेले एक काका, गच्चीच्या कठड्यावरून पतंग काढायला गेलेला मुलगा, आणि मल्टीच्या (म्हणजे बहुमजली इमारतीच्या) जिन्यात कामवाली येत नाही म्हणून स्वतः फरशी धुवायला घेतलेल्या दोन वहिनी, वेगवेगळ्या घरच्या पण गोष्ट अगदी तीच. शिवाय बरेच जण इतक्या उशिरा आले की हाड वाकडं जुळून गेलेलं होतं आणि मग माझ्या हातात फारसं काही उरतच नव्हतं, त्याचं फार वाईट वाटायचं.

मला जाणून घ्यायचंय की हे फक्त माझ्याकडेच दिसलं की सगळीकडे असंच होतं? आकडे काय सांगतात? आणि तुमच्या घरी किंवा आजूबाजूला त्या काळात कुणाला कसं लागलं ते पण सांगा प्लीज, उदाहरणं असली की बायका नीट ऐकतात.

नर्मदेहर_इंदूर

ताई, सरळ आहे की. गाड्या बंद म्हणजे अपघात बंद. आपल्याकडे तर कर्फ्यू इतका कडक होता की किराणासुद्धा नगर निगमच्या मार्फत घरपोच यायचा, दुधाच्या पिशवीसाठी पण कोपऱ्यापर्यंत जायची भीती वाटायची. राजवाड्यापासून पलासियापर्यंत चिटपाखरू नाही. त्या सगळ्या वाईट काळात रस्त्यावर मरणारे लोक वाचले ही एक तरी चांगली गोष्ट झाली असं मी अजून मानतो.

ऑर्थो_एबीरोड

स्नेहलताई, फक्त तुमच्याकडे नाही, सगळीकडे असंच होतं. मी त्यावेळी इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात ऑर्थोचा रेसिडेंट होतो त्यामुळे कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून पाहिलंय. जरा लांब लिहितोय, चालवून घ्या.

आधी आकडे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे देशात २०१९ मध्ये ४,४९,००२ रस्ते अपघात झाले आणि १,५१,११३ माणसं गेली. २०२० मध्ये अपघात ३,६६,१३८ आणि मृत्यू १,३१,७१४. म्हणजे नर्मदेहर काका म्हणतात तसे कमी झाले हे खरंच आहे, आणि जे वाचले ते वाचलेच. पण त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, अपघात साधारण १८ टक्क्यांनी घटले आणि मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच. आधी १०० अपघातांमागे ३३-३४ मृत्यू होते ते त्या वर्षी ३६ झाले. म्हणजे अपघात कमी, पण जो झाला तो जास्त जीवघेणा.

कारण वेग. एरवी गीता भवनच्या सिग्नलवर किंवा विजय नगरला गाडी ३०च्या वर जातच नाही, गर्दीच तुम्हाला हळू चालवायला लावते. तो रस्ता मोकळा झाला की तोच माणूस ८०ने जातो, हेल्मेट घालत नाही कारण वाटतं कोण बघतंय आणि धडकणार तरी कुणाला. जागतिक आरोग्य संघटनेचं गणित आहे की सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्के वाढतो. अमेरिकेत तर याच्याही पुढे गेलं, तिथे २०२० मध्ये लोकांनी गाड्या साधारण ११ टक्के कमी चालवल्या आणि तरी रस्त्यावरचे मृत्यू वाढून ३८,८२४ झाले, २००७ नंतरचा सगळ्यात मोठा आकडा. वेग, दारू आणि सीटबेल्ट न लावणं ही तीन कारणं त्यांनी स्वतःच सांगितलीत. त्या दिवसांत आमच्याकडे बायपासवरून जे थोडे पेशंट यायचे ते असेच असायचे, एका माणसाला एकच फ्रॅक्चर असं क्वचित, मांडीचं हाड, छाती, डोकं सगळं एकदम.

आता घरातलं. तुमच्या आज्यांचं म्हणाल तर खुब्याचं फ्रॅक्चर ही एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी फारशी कमी झाली नाही. खेळातल्या जखमा गेल्या, कारखान्यातल्या गेल्या, शाळेच्या मैदानावरच्या गेल्या, पण ब्रिटन घ्या, स्पेन घ्या, म्हाताऱ्या माणसांचे खुबे मोडतच राहिले. कारण ती माणसं रस्त्यावर पडतच नव्हती कधी. ती पडतात पलंग आणि बाथरूमच्या मधल्या दहा पावलांत, आणि तिथे लॉकडाऊन लागत नाही. उलट सकाळचं फिरणं बंद, ऊन बंद, मंदिर बंद, पायातली ताकद गेली, बीपीच्या गोळ्या चालूच पण डॉक्टरकडे दाखवणं बंद, त्यामुळे उठल्यावर चक्कर. चष्म्याची काच तडकली तरी दुकान बंद, तोच चष्मा. मदतीला येणारी बाई येत नाही म्हणून आजी स्वतः बादली उचलणार. सगळं एकावर एक साठत गेलं.

आणि उशीर. याचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं. खुबा मोडला तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हायला पाहिजे, जितके दिवस माणूस पलंगावर तितका न्यूमोनिया, बेडसोअर, रक्ताच्या गुठळ्या. तेव्हा आधी कोविडचा रिपोर्ट, रिपोर्ट यायला वेळ, मग कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं याचा घोळ. ट्रॉमाचे वॉर्डच कोविडला गेले होते, दिल्लीत एम्सचं अख्खं ट्रॉमा सेंटर कोविड हॉस्पिटल केलं होतं. आणि सर्जनची भीतीही खोटी नव्हती, मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये २४ देशांचा अभ्यास आला होता, ऑपरेशनच्या आसपास कोविड झालेल्यांमध्ये ३० दिवसांत जवळजवळ चौथा हिस्सा रुग्ण गेले होते. त्यामुळे ज्याला एरवी प्लेट घातली असती त्याला प्लास्टरवर ठेवलं, ते त्या वेळेपुरतं बरोबरच होतं. पण प्लास्टरमध्ये हाड सरकतंय का हे बघायला आठवड्याने एक्स-रे लागतो आणि माणूस यायलाच तयार नाही. पोलीस अडवतील, हॉस्पिटलात कोरोना लागेल, हजार कारणं. मग हाडवैद्याची पट्टी, नाहीतर घरीच हळद आणि दोन पुठ्ठे बांधलेले. एका काकूंचं मनगट मला अजून आठवतं, टेबलावर हात ठेवला तर अगदी जेवायच्या काट्यासारखा बाक, बोटं सुजून चकाकत होती, मूठ अर्धीसुद्धा मिटत नव्हती. त्यांनी बांगड्या साबण लावून काढायचा प्रयत्न केलेला त्याचे ओरखडे पण तसेच. पहिल्या आठवड्यात आल्या असत्या तर भूल देऊन, ओढून बसवलं असतं, दहा मिनिटांचं काम होतं.

स्नेहल_सुदामानगर

डॉक्टर, खूप खूप आभार, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही. चष्म्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. लहान मुलांचं काय होतं त्या काळात? माझ्याकडे मुलं फार येत नाहीत म्हणून विचारते.

गौरी_दोनमुलांचीआई

मुलांचं मी सांगते कारण आमच्या घरातच झालंय. सगळे म्हणत होते वाफ घ्या वाफ घ्या, तुम्हाला आठवत असेल, व्हॉट्सअॅपवर दिवसातून दहा वेळा तेच यायचं, दुसऱ्या लाटेत तर प्रत्येक घरात सकाळ-संध्याकाळ पातेलं. सासरे खोकत होते म्हणून आम्ही सगळेच घेत होतो आणि धाकटा तेव्हा चार वर्षांचा. जमिनीवर पाट, पाटावर पातेलं, त्यात ओवा टाकलेला, डोक्यावरून टॉवेल. एका जागी बसून राहायचं ते वयच नाही, टॉवेलमध्ये गरम झालं तसा तो झटकन मागे सरकला आणि पायाने पाट उडाला. दोन्ही मांड्यांवर आणि पोटाच्या खाली उकळतं पाणी. पायजमा ओला होऊन चिकटलेला, तो काढताना त्याची किंकाळी मी विसरू शकत नाही.

माझ्या जावेने शहाणपण केलं, सरळ उचलून बाथरूममध्ये नेलं आणि नळाखाली धरलं, आजेसासूबाई टूथपेस्ट लावा म्हणत होत्या, कुणी बटाटा किसायला घेतला, पण तिने कुणाचं ऐकलं नाही, साधं नळाचं पाणी, बर्फ नाही, चांगलं पंधरा-वीस मिनिटं. नंतर डॉक्टर म्हणाले की त्यामुळेच जखम खोल गेली नाही. नंतर कळलं की हे जगभर झालंय, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलने लिहिलं होतं की वाफ घेताना भाजलेली मुलं त्या काळात एरवीच्या तीसपट आली. तीसपट! आणि वाफेने कोरोना जातो असं काही सिद्ध झालेलं नव्हतंच. स्नेहलताई, हे नक्की सांगा मंडळात, कारण आजही कुणाला सर्दी झाली की पहिलं पातेलंच चढतं.

बाकी छोटं छोटं खूप. दारात बोट चेंगरणं तर सगळ्यांच्या घरी, ऑनलाइन शाळा चालू असताना मोठा भाऊ दार आपटणार आणि धाकट्याचं बोट बिजागरीत. चहा, कुकर, फिनाईलची बाटली कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेली. सॅनिटायझर हाताला चोळून लगेच गॅसजवळ गेलं की पेट घेतो हे पण कितीतरी जणांना माहीत नव्हतं.

ऑर्थो_एबीरोड

गौरीताई, तुमच्या जाऊबाईंनी जे केलं ते अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं बरोबर. वाहतं पाणी, वीस मिनिटं, वर काहीही चोपडायचं नाही, कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, आजूबाजूने कापायचा.

मुलांमध्ये आणखी एक, कुत्रा चावणं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या मुलांच्या हॉस्पिटलात २०२० च्या वसंतात कुत्रा चावलेल्या मुलांचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालं होतं, आणि तीही घरातलीच पाळीव कुत्री, कारण मुलं आणि कुत्रा चोवीस तास एकाच घरात. आपल्याकडे गल्लीतले उपाशी होते, हॉटेलं बंद, सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार बंद, टाकलेलं खायला काहीच नाही.

राऊचा_रहिवासी

गाड्या बंद म्हणजे अपघात बंद हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, नर्मदेहर काकांना दुखवायचा हेतू नाही. काका, तुम्ही राजवाडा-पलासिया म्हणताय, मी तेव्हा बायपासवर होतो. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप पोळ्या, भाजी, पाणी वाटायचा. मुंबई-आग्रा रस्ता तो, बिजासन घाटातून सेंधव्याला चढून महाराष्ट्रातली सगळी माणसं इथूनच वर जात होती, पायी, सायकलवर, ट्रकच्या ताडपत्रीवर, टँकरला लटकून, ऑटो घेऊन थेट मुंबईहून जौनपूर, आझमगढला. शहर शांत होतं आणि दहा किलोमीटरवर हा लोंढा.

जखमा म्हणाल तर पाय. एका बाईने पाय पुढे केला, वयाने माझ्या बहिणीएवढी असेल, टाचेचं अख्खं कातडं निघून खाली लोंबत होतं, त्यावर साडीची चिंधी, चिंधी रक्ताने सुकून कडक झालेली, ती सोडवायला आम्हाला कोमट पाणी ओतत बसावं लागलं. तिची चप्पल एकच उरली होती. ती एवढंच विचारत होती की देवास किती लांब आहे. आम्ही मग इंदूरातून मिळतील तेवढ्या चपला गोळा केल्या, लोकांनी दिल्या पण भरपूर, त्याबाबतीत आपलं शहर मागे हटलं नाही. पण या जखमा कुठल्या हॉस्पिटलच्या रजिस्टरात आल्या? कुठल्याच नाही.

आणि मोठे अपघात तर सगळ्यांना माहीतच आहेत. ८ मे २०२० ला औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते आपल्याच मध्य प्रदेशातले, शहडोल-उमरियाचे. १४ मे ला गुन्याजवळ ट्रक आणि बसची टक्कर झाली, ८ मजूर गेले, तो ट्रक महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशात चाललेला. त्या बातमीनंतर आमच्यात दोन दिवस कुणी बोललं नाही, वाटायचं यांच्यातल्या कुणाला आपण पोळी दिली असेल. १६ मे ला उत्तर प्रदेशातल्या औरैयाला मजुरांच्या ट्रकचा तसाच अपघात. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने मोजलं होतं, २५ मार्च ते ३१ मे मध्ये कमीत कमी १,४६१ रस्ते अपघात, ७५० मृत्यू आणि त्यातले १९८ घरी निघालेले मजूर. हे तेव्हाचे आकडे जेव्हा म्हणे सगळं बंद होतं. बस आणि रेल्वे वेळेवर मिळाली असती तर माणसाला ट्रकच्या टपावर झोपावं लागलं नसतं.

नर्मदेहर_इंदूर

दादा, वाचून गलबलून आलं. तुम्ही लोकांनी केलं ते फार मोठं काम. डॉक्टरांना एक विचारतो, त्या काळात दारूची दुकानंही बंद होती, त्याचा या सगळ्यावर किती परिणाम? माझ्या मते निम्मे अपघात तिथेच कमी झाले असतील.

ऑर्थो_एबीरोड

काका, निम्मे वगैरे मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे गाड्या आणि दारू दोन्ही जवळजवळ एकाच वेळी बंद झाल्या, कशामुळे किती हे वेगळं काढणं कठीण. पण दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण फार बोलकं आहे. तिथे २७ मार्च २०२० पासून दारूविक्री पूर्ण बंद होती, हॉस्पिटलांत भोसकाभोसकी, मारामारी, अपघात एकदम उतरले. १ जूनला विक्री उघडली आणि त्याच आठवड्यात कॅज्युअल्ट्या भरल्या, कोविडला बेड उरेना, मग १२ जुलैला सरकारने पुन्हा बंदी घातली. घातल्यावर पुन्हा उतरले. बेड मोकळे ठेवायला दारू बंद करणारं सरकार मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरी बाजू पण आहे, ज्यांना व्यसन होतं त्यांची अचानक तुटली तेव्हा फीट येणं, भ्रम होणं, त्यात पडणं, आणि सॅनिटायझर पिणं. आंध्रातल्या कुरिचेडूला २०२० मध्ये आणि आपल्या यवतमाळच्या वणीला एप्रिल २०२१ मध्ये माणसं गेली तशी. नुसतं शटर पाडून होत नाही, त्या माणसाच्या उपचाराची सोय त्याच दिवशी लागते.

समुपदेशक_ताई

इतका वेळ वाचत होते, कुणीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली, शेवटी मीच लिहिते. स्नेहल, घरातल्या जखमांवर बोलणार असशील तर मारहाणीबद्दल बोलावंच लागेल गं. घर म्हणजे सुरक्षित जागा हे सगळ्यांसाठी खरं नव्हतं.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे २५ मार्च ते ३१ मे २०२० या काळात घरगुती हिंसेच्या १,४७७ तक्रारी आल्या. आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सअॅप नंबर सुरू केला तो याचसाठी, कारण फोनवर बोलायला बाईला आडोसाच नव्हता, नवरा समोर, सासू समोर, दोन खोल्यांचं घर. आमच्याकडे तर सुरुवातीला फोन उलट कमी झाले आणि त्याचंच आम्हाला टेन्शन आलं होतं. कुणी भाजी घ्यायच्या निमित्ताने गाडीवाल्याजवळ उभी राहून बोलायची, कुणी कचरा गाडी आली की खाली यायची तेवढ्यात. मिस कॉल दिला तर परत फोन करू नका म्हणायच्या, मी करेन. माहेरी जायला गाडी नाही, पास नाही, आणि माहेरचे पण म्हणायचे आत्ता नको, कोरोना आहे, थोडं सहन कर. ते थोडं म्हणजे किती ते कुणी सांगत नव्हतं.

तू रोज पेशंटच्या हाताला हात लावतेस म्हणून तुला खास सांगते. पडलेली बाई हात टेकते, तिला लागतं तळव्याला, मनगटाला, गुडघ्याला, खुब्याला. जिला मारलंय ती हात वर करते तोंड वाचवायला, तिला लागतं कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीच्या बाजूच्या हाडावर, गालावर, जबड्यावर, कानावर, गळ्यावर. एकाच अंगावर एक निळा डाग आणि एक पिवळा पडलेला डाग असेल तर ते दोन वेगळ्या दिवसांचे असू शकतात. आणि ती "मोरीत पडले" असंच म्हणणार, आणि नवरा सोबत असेल तर तोच बोलणार, ती नाही. असं असलंच पाहिजे असं नाही, पण मनात आलं तर व्यायाम दाखवायच्या निमित्ताने तिला दोन मिनिटं एकटीला घे आणि साधं विचार, घरी सगळं ठीक आहे ना, कुणी हात उचलतं कां. जबरदस्ती करू नकोस, नाही म्हणाली तर नाही. पण महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर माहीत असू दे तिला, आणि सखी वन स्टॉप सेंटरला दवाखाना, पोलीस, वकील सगळ्याची मदत एका जागी मिळते हे पण सांग. चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस, घरी सापडली तर तिलाच त्रास.

तेव्हा मास्क होते ना, गालावरचं सगळं मास्कखाली झाकलं जायचं. मी आजही विचार करते की किती जणी आमच्या समोरून तशाच गेल्या असतील.

स्नेहल_सुदामानगर

ताई, अंगावर काटा आला वाचून. त्या करंगळीच्या बाजूच्या हाडाचे दोन पेशंट मला आत्ता लगेच आठवले, नावानिशी. मी हा मुद्दा मंडळात नक्की घेणार आहे, आणि एवढ्या बायकांसमोर कसा मांडायचा म्हणजे कुणाला संकोच वाटणार नाही यावर तुमच्याशी वेगळं बोलायचंय, मेसेज करते.

राऊच्या दादांना पण नमस्कार. बायपासचं हे सगळं होतं हे आम्हाला घरात बसून कळलंच नव्हतं नीट.

डॉक्टर, शेवटचं एक. आजी पडली तर त्या क्षणी घरच्यांनी काय करायचं? माझ्याकडे येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. आणि आता रस्त्यावरचं परत पहिल्यासारखं झालंय कां?

ऑर्थो_एबीरोड

पहिल्यासारखं नाही, पहिल्यापेक्षा वाईट. २०२१ मध्ये मृत्यू १,५३,९७२ झाले आणि २०२२ मध्ये ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. २०१९ च्याही वर. मोकळ्या रस्त्यावर लागलेली वेगाची सवय गर्दी परतल्यावर सुटली नाही असं माझं मत आहे. रस्त्यात जखमी दिसला तर लोक अजून पोलिसांच्या भीतीने थांबत नाहीत, त्यांना सांगा की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ ए आलंय, मदत करणाऱ्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, हॉस्पिटल अडवून ठेवू शकत नाही.

आता आजी पडली तर. सगळ्यात पहिलं, दोन्ही बगलांत हात घालून लगेच उभं करायचं नाही, आपल्याकडे सगळे तेच करतात. जिथे आहेत तिथे पाच मिनिटं पडू द्या, खाली चादर सरकवा, बोला त्यांच्याशी. दोन्ही पाय बघा, एक पाय आखूड दिसतोय आणि पंजा बाहेरच्या बाजूला कलंडलाय, जांघेत दुखतंय, पाय उचलता येत नाही, तर खुबा मोडलाय असंच धरून चाला. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून चादरीसकट उचला, १०८ बोलवा. चालून दाखवा म्हणू नका, मालिश तर अजिबात नाही. काही वेळा हाड एकमेकांत रुतून बसतं आणि माणूस दोन दिवस लंगडत चालतो पण, म्हणून चालता येतंय म्हणजे काही नाही झालं असं समजू नका, एक्स-रे काढा. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी सीटी स्कॅन. गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. ऑपरेशन सांगितलं तर वय झालं, आता कशाला, असं म्हणून घरी परत नेऊ नका, नव्वदीतल्या आज्यांना आम्ही दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतो. मंडळात वॉकरची उंची कशी लावायची ते तुम्हीच दाखवा, मनगटाच्या घडीपर्यंत, बऱ्याच घरी तो चुकीच्या उंचीवरच असतो.